मक्याच्या दाण्यातील विष आणि गुणसूत्रांचा नकाशा

१९७४ च्या शरद ऋतूत राजस्थानातील बांसवाडा आणि त्याला लागून असलेल्या गुजरातमधील पंचमहाल या दोन जिल्ह्यांत काविळीची एक विचित्र साथ पसरली. आधी ताप, मग कावीळ, पाठोपाठ पोटात पाणी साचणे आणि अनेकांच्या बाबतीत मृत्यू, असा आजाराचा क्रम होता. दोनशेहून अधिक खेड्यांत मिळून ३९७ जणांना या आजाराने गाठले आणि त्यांपैकी १०६ जण दगावले. रुग्ण बहुतांशी आदिवासी कुटुंबांतील होते आणि त्यांचे रोजचे अन्न म्हणजे घरच्या शेतातील मका. विषाणूमुळे होणाऱ्या नेहमीच्या काविळीशी न जुळणारी एक गोष्ट मात्र लगेच नजरेत भरली. त्याच खेड्यांतील, तेच अन्न खाणारी कुत्रीही कावीळ होऊन मरत होती.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा माग काढला आणि तो मक्याच्या कोठारापर्यंत जाऊन पोहोचला. कापणीच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसात कणसे भिजली होती, नीट न वाळवताच ती साठवली गेली होती आणि त्यांवर बुरशी वाढली होती. रुग्णांच्या घरांतील मक्याच्या नमुन्यांत किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज भारतात अन्नधान्यासाठी ठरविलेली कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे या कुटुंबांच्या पोटात मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष असलेले धान्य जात होते. या पाहणीचा वृत्तान्त १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि मक्यातील बुरशीजन्य विषाच्या अभ्यासात तो आजही आधारभूत मानला जातो.

अशा विषापासून बचाव करण्याचे मार्ग तसे सर्वांना ठाऊक आहेत. धान्य कोरडे करावे, कोरड्या जागी साठवावे, तपासून घ्यावे, दूषित माल बाजूला काढावा. परंतु पिकवलेला मका घरीच खाणाऱ्या कुटुंबाकडे ना वाळवण यंत्र असते ना प्रयोगशाळा. आणि दूषित म्हणून धान्य टाकून द्यावे तर खायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच गेली चार-पाच दशके वनस्पती-प्रजननशास्त्रज्ञांचा एक गट निराळ्या वाटेने जात आहे. बुरशीला विष तयार करू न देणारा मक्याचा दाणाच घडवता आला, तर संरक्षण बियाण्याबरोबरच शेतात पोहोचेल. शेतकऱ्याला त्यासाठी वेगळे काही करावे लागणार नाही. त्यासाठी आधी हवा तो प्रतिकारशक्तीचा जनुकीय नकाशा. मक्याच्या दहा गुणसूत्रांवर ही शक्ती नेमकी कुठे दडली आहे, याचा हा शोध वाटला त्यापेक्षा फारच अवघड निघाला.

विषाची ओळख

अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तो टर्की पक्ष्यांच्या मृत्यूमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. कारण कळेना म्हणून या रोगाला 'टर्की एक्स' असे नाव देण्यात आले. पुढे त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली आणि तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून विषाचे नामकरण 'अफ्लाटॉक्सिन' असे झाले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते बी प्रकारचे आणि हिरवे चमकणारे ते जी प्रकारचे. यांपैकी बी-१ हे सर्वाधिक घातक. गाई-म्हशींनी दूषित खाद्य खाल्ले, तर त्याचेच एक रूप एम-१ या नावाने दुधात उतरते.

एका वेळी मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास ते यकृत निकामी करते, हे बांसवाड्यात दिसलेच. त्याहून व्यापक धोका थोड्या थोड्या मात्रेने वर्षानुवर्षे पोटात जाण्याचा आहे. यकृतातील विकरे या विषाचे रूपांतर एका अतिक्रियाशील रेणूत करतात. तो डीएनएला जाऊन चिकटतो आणि पेशींची बेबंद वाढ रोखणाऱ्या पी-५३ या जनुकात ठरावीक जागी बिघाड घडवतो. आफ्रिका व चीनमधील यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हाच बिघाड पुन्हा पुन्हा आढळल्याचे १९९१ मध्ये दिसून आले. हिपॅटायटिस-बीची लागण झालेल्यांत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अमेरिकेत अन्नातील मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघात थेट खाण्याच्या धान्यासाठी ती अवघी ४ आहे.

शिजवल्याने किंवा भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. उन्हात वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण आधीच तयार झालेले विष दाण्यात तसेच राहते.

हा सारा दोष साठवणुकीचा आहे, अशी समजूत बराच काळ होती. १९७० च्या दशकात, विशेषतः अमेरिकेच्या आग्नेय भागातील १९७७ च्या दुष्काळी हंगामानंतर, ती टिकू शकली नाही. उभ्या पिकातील कणसेच दूषित निघाली होती. बुरशीचे बीजाणू मातीत आणि पिकाच्या अवशेषांत असतातच. ते वाऱ्याने उडून कणसाच्या रेशमी केसांवर बसतात, तेथे रुजतात आणि केसांच्या वाटेने दाण्यापर्यंत उतरतात. दाणा भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडला, रात्रीही उष्मा राहिला, तर बुरशीला ते मानवते. अळीने कणीस पोखरले असेल, तर मग दारच उघडे. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यावर तुटून पडते हे शेतकऱ्यांना माहीत आहे. ती कणसातही शिरते, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

प्रतिकारक वंशांचा शोध

शत्रू शेतातच आहे हे कळल्यावर प्रतिकारक मक्याचा शोध सुरू झाला. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मिसिसिपी येथील केंद्रात शेकडो वंशांवर मुद्दाम बुरशी सोडून पाहण्यात आली आणि १९९० मध्ये 'एमपी ३१३ ई' या वंशाची प्रतिकारक म्हणून अधिकृत नोंद झाली. पुढे 'एमपी ४२०', 'एमपी ७१५', 'एमपी ७१७' अशी मालिकाच पुढे आली. जॉर्जियातील टिफ्टन येथे 'जीटी-मास: जीके' हा संमिश्र वाण निवडला गेला, तर इलिनॉय विद्यापीठात 'टेक्स ६' या वंशावर भर देण्यात आला. हे वंश पूर्णपणे विषमुक्त राहतात असे नाही. त्याच शेतात, त्याच बुरशीला तोंड देताना त्यांच्या दाण्यांतील विष नेहमीच्या वंशांच्या तुलनेत बरेच कमी भरते, एवढाच प्रतिकार या शब्दाचा येथे अर्थ आहे.

या वंशांची दुसरी बाजूही तितकीच ठळक होती. त्यांत उष्ण कटिबंधीय मक्याचे रक्त असल्याने ते उंच वाढत, उशिरा फुलत, वाऱ्यात आडवे होत आणि उत्पन्न कमी देत. कोणताही शेतकरी असे बियाणे विकत घेणार नाही. त्यांच्यातील प्रतिकारशक्ती तेवढी उचलून चांगल्या वाणात घालावी, हा सरळ उपाय. पण काय उचलायचे, हेच माहीत नव्हते.

जनुकीय नकाशाची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. जनकांकडून येणारी गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. जी दोन जनुके जवळजवळ असतात ती क्वचितच विलग होतात, जी दूर असतात ती वारंवार होतात. ताटातुटीच्या या प्रमाणावरूनच अंतर मोजता येते. ही अदलाबदल प्रत्यक्ष घडते याचा पुरावा १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दिला, आणि तो मक्याच्याच दाण्यांवरून. मॅक्लिंटॉक यांना पुढे १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेही मक्यातील उड्या मारणाऱ्या जनुकांच्या शोधासाठी. नकाशा काढण्याच्या विद्येत मका असा आरंभापासून आहे.

दाण्याचा रंग पिवळा की पांढरा, हे डोळ्यांना दिसते आणि एखाद-दुसऱ्या जनुकावर ठरते. विषाला प्रतिकार हा गुण तसा नाही. तो उंची किंवा उत्पन्नासारखा कमी-अधिक प्रमाणात आढळणारा, अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाचा गुण आहे. अशा गुणांचा माग काढण्यासाठी गुणसूत्रांवर ठिकठिकाणी डीएनएच्या खुणा निश्चित केल्या जातात. रस्त्यावरच्या मैलांच्या दगडांसारखा त्यांचा उपयोग होतो. शेकडो भावंड-कुटुंबांत कोणत्या खुणेपाशी कोणत्या जनकाचा तुकडा आला आहे हे पाहायचे, त्याच कुटुंबांच्या दाण्यांतील विष मोजायचे आणि दोहोंची सांगड घालायची. एखाद्या ठिकाणी प्रतिकारक जनकाचा तुकडा असलेल्या कुटुंबांत विष सातत्याने कमी भरत असेल, तर प्रतिकाराला हातभार लावणारे काहीतरी त्या परिसरात आहे, असे अनुमान निघते.

पिचकारी, सुई आणि दळण

कागदावर सोपे वाटणारे हे काम शेतात उतरले की घाम काढते. 'एमपी ३१३ ई' आणि 'बी ७३' यांच्या संकरावरील अभ्यास हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 'बी ७३' हा आयोवातील वंश उत्पन्नासाठी नावाजलेला आणि अफ्लाटॉक्सिनला सहज बळी पडणारा. दोहोंचा संकर करून, त्याच्या पुढच्या पिढीतील प्रत्येक रोपापासून स्वतंत्र कुटुंब तयार करण्यात आले आणि ही कुटुंबे एकाहून अधिक ठिकाणी व हंगामांत पेरण्यात आली.

बुरशी आपोआप येईल म्हणून वाट पाहून चालत नाही. पाऊस चांगला झाला तर ती येतच नाही आणि सारा हंगाम वाया जातो. म्हणून केस बाहेर पडल्यानंतर साधारण सातव्या दिवशी प्रत्येक कणसाला बीजाणूंचे द्रावण टोचतात. मिसिसिपीत यासाठी जंगलातील झाडांवर रंगाची खूण करण्याची पिचकारी वापरली जाते. तिला जाड सुई बसवतात आणि सुई कणसावरच्या पानांखाली सरकवून द्रावण दाण्यांवर सोडतात. प्रत्येक रोपाची फुलण्याची तारीख वेगळी, त्यामुळे टोचण्याचा दिवसही वेगळा. हजारो कणसे असताना हा हिशेब ठेवणे हे स्वतंत्र कामच होऊन बसते.

कणसे पक्व झाली की ती हाताने खुडायची, वाळवायची, दाणे काढून एकत्र मिसळायचे, दळायचे आणि त्या पिठातील विष मोजायचे. येथे खरी पंचाईत आहे. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. बहुतेक दाणे स्वच्छ आणि मोजक्या दाण्यांत प्रचंड विष, अशी स्थिती असते. ते दोन-चार दाणे दळणात आले की नाहीत, यावर नमुन्याचा आकडा वर-खाली होतो. एकाच वंशाच्या दोन शेजारच्या तुकड्यांतून एकात शंभर आणि दुसऱ्यात हजार मायक्रोग्रॅम आले, तरी कुणाला नवल वाटत नाही. संख्याशास्त्रज्ञ मूळ आकड्यांऐवजी त्यांचे लॉगरिदम घेऊन काम भागवतात, पण मोजणीतच एवढी अस्थिरता असेल तर नकाशाही धूसर येणार, हे ओघानेच आले.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रतिकाराशी निगडित ठिकाणे सापडली. त्यांतील दुसऱ्या आणि चौथ्या गुणसूत्रांवरील ठिकाणांची विशेष चर्चा झाली. तरीही त्यांतील कोणत्याही एका ठिकाणाने कुटुंबा-कुटुंबांतील फरकाचा मोठा वाटा उलगडला नाही. प्रत्येकाचा हातभार थोडा, आणि तोही दरवर्षी सारखा नाही. एका हंगामात ठळक दिसलेले ठिकाण पुढच्या हंगामात गायब व्हावे, एका संकरात महत्त्वाचे ठरलेले दुसऱ्या संकरात सापडूच नये, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे. पुढे 'एमपी ३१३ ई' चाच संकर 'व्हीए ३५' शी करून, 'एमपी ७१५' आणि 'एमपी ७१७' यांचे संकर इतर वंशांशी करून नवे नकाशे काढण्यात आले. ठिकाणांची यादी वाढत गेली आणि जवळजवळ सर्व गुणसूत्रांवर पसरली. गव्हाच्या तांबेऱ्याविरुद्ध एखादे बलवान जनुक हाती लागते आणि वाण तयार होतो, तसे येथे घडणार नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते.

यात निराशेचे कारण आहे, तसे दिलाशाचेही. एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकार रोगकारक बुरशी काही वर्षांत मोडून काढते, हे गव्हाच्या बाबतीत अनेकदा घडले आहे. लहान लहान वाटे मिळून उभा राहिलेला प्रतिकार मोडणे तितके सोपे नसते.

जनुके करतात तरी काय?

नकाशा ठिकाण सांगतो. तेथे काय चालते हे त्यातून कळत नाही. ते शोधण्यासाठी दाण्याचीच चिकित्सा झाली. 'जीटी-मास: जीके' च्या दाण्यावरील मेणाचा थर जाड असतो आणि तो काढून टाकला की प्रतिकार कमी होतो, असे दिसून आले. म्हणजे काही अंशी ही नुसती तटबंदी होती. आतही शस्त्रे होतीच. प्रतिकारक वंशांच्या दाण्यांत एक लहान प्रथिन अधिक प्रमाणात सापडले. पिष्टमय पदार्थ फोडण्यासाठी बुरशी जे विकर वापरते, त्यालाच हे प्रथिन अडवते. साखर मिळाली नाही की बुरशी विष तयार करण्याच्या कामात मागे पडते.

सर्वांत बोधक ठरले ते 'लॉक्स-३' या जनुकाचे प्रकरण. हे जनुक दाण्यातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण करणारे विकर तयार करते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ते निकामी केलेली मक्याची रोपे तयार केली. २००७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, अशा रोपांना फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइडिस या दुसऱ्या बुरशीचा त्रास कमी होतो आणि तिचे विषही कमी तयार होते. हे जनुक काढून टाकले की काम झाले, असे कुणालाही वाटले असते. परंतु २००९ मध्ये त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात ॲस्परजिलस फ्लेव्हसच्या बाबतीत नेमके उलटे घडले. लॉक्स-३ नसलेल्या मक्यात या बुरशीची वाढ आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही वाढले. एकच जनुक एका शत्रूला वाट दाखवते आणि दुसऱ्याला अडवते. शेतात तर या दोन्ही बुरशी एकाच कणसावर नांदू शकतात! प्रतिकाराचे एखादे ठिकाण सापडल्याबरोबर ते वाणात घालण्याची घाई का करू नये, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

फ्युजेरियमच्या या विषाचे नाव फ्युमोनिसिन. दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी ते १९८८ मध्ये वेगळे केले. घोड्यांच्या मेंदूचा घात करणारे हे विष माणसातील कर्करोगाचे संभाव्य कारण मानले जाते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. तिचे खापरही फ्युमोनिसिनवर फुटले. नकाशाकारांसाठी मात्र हे विष थोडे सुसह्य आहे. नॉर्थ कॅरोलायना येथे दोन वेगवेगळ्या मका-समूहांवर झालेल्या अभ्यासात कणसाची कूज आणि फ्युमोनिसिनचे प्रमाण यांतील आनुवंशिक सहसंबंध ०.८७ आणि ०.९६ इतका उच्च आढळला. म्हणजे कमी कुजणारी कणसे डोळ्यांनी निवडली, तरी विष आपोआप कमी होते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत ही सोय नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कणसातही ते असू शकते, आणि प्रत्येक वेळी प्रयोगशाळेचा खर्च करावाच लागतो.

२००९ मध्ये 'बी ७३' या वंशाची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून झाली. सुमारे २३० कोटी अक्षरे, ३२ हजारांहून अधिक जनुके, आणि पंचाऐंशी टक्के भाग मॅक्लिंटॉक यांच्या त्या उड्या मारणाऱ्या घटकांनी व्यापलेला! त्यानंतर दोन जनकांच्या संकरापुरते मर्यादित न राहता, जगभरातून जमवलेल्या सुमारे तीनशे वंशांची एकाच वेळी तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. या अभ्यासांतूनही एखादा हुकमी एक्का निघाला नाही. पण २०१५ मध्ये एकेकट्या जनुकांऐवजी त्यांच्या साखळ्यांचा विचार केला, तेव्हा जॅस्मोनिक आम्ल तयार करणारी साखळी पुढे आली. किडीने कुरतडल्यावर किंवा जखम झाल्यावर वनस्पती हेच आम्ल धोक्याचा इशारा म्हणून वापरतात. लॉक्स-३ ज्या विकर-कुळातील आहे, त्याच कुळातील विकरे या साखळीच्या आरंभी असतात.

नकाशावरून शेतापर्यंत

प्रत्यक्ष वाण तयार करण्याच्या दृष्टीने हिशेब अजून मर्यादित आहे. मिसिसिपी केंद्राने २०१२ मध्ये नोंदवलेले 'एमपी ७१८' आणि 'एमपी ७१९' हे वंश आधीच्या वंशांपेक्षा बुटके आणि लवकर पक्व होणारे आहेत. प्रतिकार राखून जुने अवगुण घालवता येतात, हे त्यांनी दाखवले. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्ण कटिबंधीय कृषी संस्थेने अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सहकार्याने २००८ मध्ये सहा प्रतिकारक वंश आफ्रिकेतील प्रजननकारांना उपलब्ध करून दिले. त्यांची निकड किती होती हे २००४ मध्ये पूर्व केनियात दिसले होते. तेथे दूषित मका खाऊन ३१७ जण आजारी पडले आणि १२५ जणांचा मृत्यू झाला. बांसवाड्यानंतर तीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, जवळपास तीच कहाणी.

नकाशाची वाट सोडून थेट झडप घालणारा एक मार्गही दाखवण्यात आला आहे. ॲरिझोना विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये असा मका तयार केला, ज्याचा दाणा बुरशीच्या विषनिर्मितीतील एका जनुकाला गप्प बसवणारे आरएनएचे तुकडे बनवतो. बुरशी दाण्यावर वाढली, पण अफ्लाटॉक्सिन मोजण्याइतकेही आढळले नाही. दशकानुदशके थोडाथोडा प्रतिकार गोळा करणाऱ्यांच्या तुलनेत हे यश नेत्रदीपक आहे. मात्र हा जनुकांतरित मका आहे. भारतात जनुकांतरित मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही, आणि ज्या देशांत मका हे गरिबांचे मुख्य अन्न आहे, त्यांपैकी अनेक देशांतही स्थिती फारशी निराळी नाही. त्यामुळे पारंपरिक संकरातून येणाऱ्या प्रतिकाराचे महत्त्व कमी झालेले नाही.

भारतात मक्याचे वार्षिक उत्पादन आता चार कोटी टनांच्या आसपास पोहोचले आहे. त्याचा फार मोठा भाग भाकरीकडे न जाता कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याकडे व स्टार्चच्या कारखान्यांकडे जातो, आणि अलीकडे इथेनॉलसाठीची मागणी झपाट्याने वाढली आहे. शहरातील ग्राहकाला मक्यातील विषाशी आपला संबंध नाही असे वाटण्याचे कारणही हेच. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधात पाणी किंवा युरिया मिसळण्याची जेवढी चर्चा होते, त्याच्या शतांशानेही या आकड्याची झाली नाही. हे विष कुणी भेसळ म्हणून घातलेले नसते. ते गोठ्यातील पेंडीतून आणि भरड्यातून आलेले असते.

इथेनॉलमुळे यात आणखी एक कडी जोडली गेली आहे. मक्यातील पिष्टमय भाग आंबवून मद्यार्क निघाला की उरलेला चोथा वाळवून 'डीडीजीएस' या नावाने पशुखाद्यात वापरला जातो. अफ्लाटॉक्सिन मद्यार्काबरोबर जात नाही. ते चोथ्यात राहते. धान्याचा सुमारे एक-तृतीयांश भागच शिल्लक राहत असल्याने, चोथ्यातील विषाचे प्रमाण मूळ मक्याच्या तिपटीच्या जवळ जाते. कारखान्याच्या दारात मर्यादेच्या आत असलेला मका दुसऱ्या दाराने मर्यादेबाहेरचे खाद्य होऊन निघू शकतो.

येवला, मालेगाव, वैजापूर परिसरातील खरिपाचा मका नेमका परतीच्या पावसाच्या तोंडावर काढणीला येतो. बाजार समितीत त्याचा भाव ठरतो तो ओलाव्यावर आणि दाण्याच्या रंगरूपावर. विषाच्या प्रमाणावर नव्हे. कमी विष भरणाऱ्या वाणाला दोन रुपये अधिक मिळणार नसतील, तर शेतकरी उत्पन्न देणारेच बियाणे मागणार आणि बियाणे कंपन्याही तेच विकणार. मिसिसिपीतील नकाशे येथे जसेच्या तसे उपयोगी पडतील असेही नाही, कारण बुरशीचे स्थानिक प्रकार, पावसाचे वेळापत्रक आणि वाणांची घराणी निराळी आहेत. येथील वंशांवर, येथील बुरशी टोचून, येथील हंगामांत तेच कष्टाचे दळण पुन्हा दळावे लागेल. लुधियाना येथील भारतीय मका संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे यांच्याकडे त्यासाठी लागणारी शेते आहेत आणि वंशांचा संग्रहही आहे. वर्षानुवर्षे हजारो नमुन्यांतील विष मोजण्याचा खर्च कुणी उचलायचा, एवढा प्रश्न तेथे शिल्लक राहतो.